हॅकिंगच्या गोष्टीतून नेटवर्क सुरक्षा कशी शिकवावी

पोर्ट म्हणजे संगणकात शिरायचं क्रमांक दिलेलं दार, हे फळ्यावर चौकोन काढून सांगितलं की मुलं वहीत उतरवून घेतात आणि परीक्षा झाली की विसरतात. तेच गोष्टीतलं कुणी उघडं पोर्ट शोधत असलं, तर मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात. मात्र गोष्टीतलं तंत्र खरं हवं.

म्हणून आधी प्रसंग नीट निवडा. पडद्यावर दिसलेली आज्ञा आपल्या संगणकावर टाइप केली तर चालेल का, एवढं तपासा. मी २००३ च्या ‘द मेट्रिक्स रीलोडेड’मधला प्रसंग घेते. त्यात नायिका ट्रिनिटी एनमॅप हे उघडी पोर्ट शोधणारं, म्हणजे स्कॅन करणारं, खरंखुरं साधन वापरून वीजयंत्रणेत शिरते.

प्रसंग सलग दाखवू नका. जागोजागी थांबवा आणि विचारा. पडद्यावर पत्ता दिसतो १०.२.२.२. इथे थांबायचं. १० ने सुरू होणारे पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखीव असतात, इंटरनेटवरून तिथे थेट पोचता येत नाही. मग ती स्कॅन कुठून करतेय? थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतंच, “मॅडम, म्हणजे ती आधीच आत आहे!” फायरवॉल, म्हणजे नको ती ये-जा अडवणारी भिंत, फक्त बाहेरच्या वेशीवर ठेवून का भागत नाही, हे इथे वेगळं सांगावं लागत नाही.

पुढे २२ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे दूरच्या संगणकावर लॉगिन करायच्या एसएसएच या सेवेचं, उघडं सापडतं. ती ज्या त्रुटीचा फायदा घेते ती एसएसएचच्या पहिल्या आवृत्तीत खरोखर होती आणि फेब्रुवारी २००१ मध्ये जाहीर झाली होती. चित्रपट आला मे २००३ मध्ये. सव्वादोन वर्षं पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारी दुरुस्ती, न बसवलेली यंत्रं राहतात कशी, यावर मुलांना भांडू द्या. चालू यंत्र बंद करायला कुणी तयार नसतं, हे त्यांचं त्यांनाच सुचतं.

आता हात चालवायचे. एकाच संगणकावर दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक, घ्या, एक हल्ल्याचं आणि दुसरं सरावासाठी मुद्दाम कच्चं ठेवलेलं मेटास्प्लॉइटेबल. दोन्ही ‘होस्ट-ओन्ली’ नेटवर्कवर ठेवा, म्हणजे काहीही बाहेर जाणार नाही. कॉलेजच्या वाय-फायवर प्रयोग अजिबात नको. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे पहिली आज्ञा टाइप करण्याआधी सांगा.

स्कॅन झाला की लगेच दुसऱ्या मशीनवर एसएसएचचा लॉग, म्हणजे कोण आलं-गेलं याची नोंदवही, उघडायला लावा. मुलं शोधत राहतात, काहीच सापडत नाही. ट्रिनिटीने वापरलेला स्कॅन जोडणी अर्धवट सोडतो. ‘येऊ का?’ विचारायचं, ‘ये’ ऐकायचं आणि उंबऱ्यावरूनच परत फिरायचं. पूर्ण जोडणी न झाल्याने एसएसएचला पत्ताच लागत नाही. मग त्याच मशीनवर टीसीपीडम्प, म्हणजे नेटवर्कवरची प्रत्येक ये-जा दाखवणारं साधन, लावून तोच स्कॅन पुन्हा करा. आता एकाच पत्त्यावरून, एकामागून एक पोर्टवर पडलेल्या थापा ओळीने दिसतात. माझ्या मते सगळ्या तासांतला हाच सर्वांत मोलाचा. एरवी निम्मा वर्ग हल्लेखोराच्या बाजूने असतो, तो इथे पहारेकऱ्याच्या जागी येऊन बसतो.

शेवटी तोच प्रसंग रात्रपाळीच्या अ‍ॅडमिनच्या नजरेतून दोन पानांत लिहायला द्या. अट एकच: त्याला काय दिसलं, कुठल्या लॉगमध्ये दिसलं आणि त्याने पहिलं पोर्ट कोणतं बंद केलं, हे नेमकं यायला हवं.