श्रद्धाळू आणि नास्तिक शेजाऱ्यांनी एकमेकांशी कसे वागावे

ठाण्यातल्या सोसायट्यांत गणपती जवळ आले की वर्गणीसाठी मंडळी दारोदार फिरतात, आणि श्रद्धाळू व नास्तिक यांच्यातली पहिली ठिणगी बहुधा तिथेच पडते. वर्गणी मागणाऱ्याने नकार मिळताच ‘देव बघून घेईल’ असे म्हणू नये. पावतीपुस्तक मिटावे, नमस्कार करावा आणि पुढचे दार गाठावे. नकार देणाऱ्यानेही उंबऱ्यात उभे राहून मूर्तिपूजेवर व्याख्यान देऊ नये. ‘पूजेसाठी देत नाही, रक्तदान शिबिर असेल तर जरूर कळवा’ एवढे पुरते.

टीका आणि टवाळी यांतला फरक ओळखायचा असेल, तर आपण दाव्याबद्दल बोलत आहोत की माणसाबद्दल, हे आधी स्वतःला विचारावे. अंगात आल्याने आजार बरा होतो, असे कोणी म्हटले तर पुरावा मागायलाच हवा. पण आजारी नातवासाठी कोपिनेश्वराला जाणाऱ्या आजींना भोळसट म्हणणे हा निव्वळ उद्धटपणा होय. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही अशीच रेघ ओढली आहे: अघोरी प्रथांना त्यात शिक्षा आहे, मात्र प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन यांना त्याने हात लावलेला नाही. संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देव न मानणाऱ्यालाही आहे, हे श्रद्धाळूंनी ध्यानात ठेवावे.

घरात सून नास्तिक असेल, तर तिला आरतीला उभे राहण्याची सक्ती करू नये. आणि ती आपणहून मोदक वळायला बसली, तर ‘आलीस ना शेवटी देवाकडे’ असा टोमणाही मारू नये.