पावलाच्या लांबीच्या आलेखाला दोन उंचवटे येत असतील तर (माझा अनुभव)

वडोदऱ्याजवळच्या नीलगायींच्या जीपीएस कॉलरचा डेटा. स्टेप-सिलेक्शन मॉडेल (खरं ‘पाऊल’, म्हणजे लागोपाठच्या दोन नोंदींमधलं अंतर, आणि तिथूनच टाकता आली असती अशी यादृच्छिक पावलं यांची तुलना करून जनावर कुठली जागा निवडतं ते सांगणारं) चालवलं की पावलाच्या लांबीच्या आलेखाला दोन उंचवटे, आणि ‘शेत’चा गुणक एका जनावरात धन (शेत निवडतं), दुसऱ्यात ऋण (शेत टाळतं). यादृच्छिक पावलं 10 ची 50 केली, नकाशाही बदलला. ढिम्म फरक नाही. तीन आठवडे डोक्याचा भुगा.

घोळ वेळेत होता. काही नोंदी तासाच्या, काही चार तासांच्या. चार तासांचं ‘पाऊल’ म्हणजे दोन टोकांमधली सरळ रेष, मधली वळणं गायब.

आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतल्या एएमटी (amt, जनावरांच्या हालचालींसाठीचं) पॅकेजात हा क्रम चालला. आधी अक्षांश-रेखांशांच्या अंशांचे मीटर करा: ईपीएसजी (नकाशाच्या निर्देशांक-पद्धतीचा क्रमांक) 32643, म्हणजे यूटीएम या मीटरमधल्या पद्धतीचा झोन 43 उत्तर. (इथे पूर्व-पश्चिम एक अंश साधारण 103 किमी, दक्षिणोत्तर 111, अंशांत मोजलेली लांबी फसवी.) मग ट्रॅक रीसॅम्पल (ठरावीक अंतराच्याच नोंदी ठेवा; खंड पडला की नवा तुकडा): 1 तास, सूट 10 मिनिटं. तीनपेक्षा कमी नोंदींचे तुकडे गाळा, कारण वळणाच्या कोनाला तीन बिंदू लागतातच. मग तुकड्यागणिक पावलं, आणि त्यानंतरच यादृच्छिक पावलं. आधी केलीत तर ज्यातून यादृच्छिक लांब्या निवडल्या जातात ते गॅमा वितरण तास आणि चार तासांच्या जुन्याच खिचडीवर बसतं.

चार तासांचं मॉडेल वेगळं चालवलं. त्यात शेत ऋण येतं, पण आता सगळ्या जनावरांत.