कासवाची दोन पिल्लं आणण्याआधी

जमिनीवरच्या कासवाची दोन पिल्लं पाळायचं ठरलं असेल, तर यादीत सगळ्यात वर पिल्लू ठेवायची दुसरी पेटी लिहा. दिवा, माती, खाणं हे सगळं तिच्यानंतर. एकटं पिल्लू कंटाळेल, त्याला सोबत हवी, या मायेनंच बहुतेक जण दोन आणतात. पण कासवाला सोबत लागत नाही. मादी अंडी पुरून निघून जाते आणि पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की आपापल्या वाटेला लागतात. रानात दुसरं कासव भेटलंच, तर लांब जायला जागा असते. पेटीत ती नसते.

माझ्याकडच्या दोघांपैकी एक रोज दिव्याखाली दुसऱ्याच्या पाठीवर पुढचे पाय टाकून बसायचं. आम्ही ते प्रेम समजून फोटो काढत होतो. दोन महिन्यांनी वजन केलं, तर एक ४६ ग्रॅम भरलं आणि दुसरं ३१. आणलं तेव्हा दोघं सारखीच होती. कधी चावाचावी नाही, धडक नाही, तरी एक दबत चाललं होतं. वेगळं केल्यावर तिसऱ्या दिवशी ते उजेडात येऊन पोटभर खाताना दिसलं. म्हणून खुणा आधीच माहीत असू द्या: एकानं सारखं दुसऱ्याच्या मागे फिरणं, त्याची वाट अडवणं, खाण्यावर आडवं बसणं, आणि दुसऱ्यानं दिवसदिवस मातीत तोंड खुपसून पडून राहणं. एकाच बिळात चिकटून झोपणंसुद्धा बऱ्याचदा त्या एका चांगल्या जागेवरचा हक्क असतो.

पिल्लं घेताना ‘नर-मादीची जोडी’ असं कुणी छातीठोक सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. बहुतेक जातींत अंडी किती तापमानात उबली यावर लिंग ठरतं, गरम उबेत माद्या आणि थंड उबेत नर. बाहेरून ते ओळखायला पुढे काही वर्षं जावी लागतात. दोन्ही नर निघाले तर भांडतात, आणि नर-मादी निघाली तर नर एकट्या मादीची पाठ सोडत नाही. दोन पिल्लं घ्यायचीच तर एकाच जातीची, एकाच वयाची आणि एकाच ठिकाणची घ्या. दोन वेगळ्या जाती कधीही एकत्र ठेवू नका. एका जातीच्या अंगात गुपचूप राहणारे जंतू दुसरीच्या जिवावर उठतात. कागदपत्रंही आधी बघा. जमिनीवरच्या कासवांच्या सगळ्या जाती सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात, आणि तारा कासव तर २०१९ पासून त्याच्या सगळ्यात कडक यादीत आहे. काही जाती पाळायला बंदी असते, रानातून पकडून आणलेल्या पिल्लाला तर हातही लावू नये.

पेटी लांबरुंद हवी, उंचीला महत्त्व नाही. भिंती आरपार दिसणाऱ्या नकोत, नाहीतर पिल्लू दिवसभर काचेला नाक घासत राहतं. खाली वाळू टाकू नका, ती पोटात जाऊन अडकते. साधी, खत-औषध न घातलेली माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून ८–१० सेंटिमीटरचा थर करा. दोघं एकत्र असेपर्यंत लपायच्या जागा, खाण्याच्या फरशा आणि शेकायच्या जागा प्रत्येकी दोन ठेवा, त्याही एकमेकींपासून लांब, आणि मध्ये झाडं किंवा दगड असे ठेवा की एकाला दुसरं दिसणार नाही. दगड मात्र हलणारा नको. उलटं झालेलं पिल्लू दिव्याखाली अडकलं तर फार वेळ तग धरत नाही.

उष्णता वरून द्या. दिव्याखाली ३२ ते ३५ अंश, दुसऱ्या टोकाला २५ च्या आसपास, जातीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. शिवाय यूव्हीबी, म्हणजे उन्हात असतात त्या अतिनील किरणांची लांब ट्यूब हवीच. त्या किरणांशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यासाठी उपयोगाचं नाही, काच हे किरण अडवते. ट्यूब उजेड देत राहते, पण तिचे किरण कमी होत जातात, म्हणून बसवल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा आणि साधारण वर्षानं बदला.

ओलाव्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पिल्लांच्या कवचावर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात, त्याचा दोष पूर्वी जास्त प्रथिनांना दिला जायचा. आफ्रिकेतल्या सल्काटा कासवांवरच्या २००३ च्या अभ्यासात कोरड्या हवेचा वाटा प्रथिनांपेक्षा मोठा दिसला. एकदा आलेला उंचवटा परत सपाट होत नाही. लपायच्या जागेतली माती कायम दमट ठेवा, आणि आर्द्रतामापक तिथेच, जमिनीलगत लावा.

रोज १५–२० मिनिटं कोमट पाण्यात बसवा. पाणी वरचं आणि खालचं कवच जुळतं तिथपर्यंतच. पिल्लू आधी धडपडतं, मग मान लांब करून तोंड पाण्यात बुडवतं आणि गळा हलू लागतो. तेव्हा ते पाणी पीत असतं, त्याला उचलू नका. दोघांची भांडी वेगळी घ्या, म्हणजे कुणी काय टाकलं ते कळतं. लघवीबरोबर येणारा पांढरा भाग टूथपेस्टसारखा मऊ असला तर ठीक, वाळूसारखा खरखरीत लागला तर पाणी कमी पडतंय. ही भांडी स्वयंपाकघरात धुवू नका, आणि पिल्लाला हात लावल्यावर साबणानं हात धुवा. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. लहान मुलं त्यानं आजारी पडली म्हणून अमेरिकेत १९७५ पासून १० सेंटिमीटरपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकता येत नाहीत.

खाण्याचं थोडक्यात: औषध न फवारलेलं रानगवत, तुतीची आणि जास्वंदीची पानं, फुलं, फड्या निवडुंग. यातल्या तुमच्या पिल्लांच्या जातीला चालणाऱ्या गोष्टी आणि वरून चिमूटभर कॅल्शियम. गवत-पाल्यावर जगणाऱ्या जातींना फळं देऊ नका. पालकही रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. कुत्र्या-मांजराचं खाणं कुणालाच नाही.

एका ग्रॅमचाही फरक दाखवणारा वजनकाटा आणि एक वही, दोघांची पानं वेगळी. दर आठवड्याला त्याच वारी वजन लिहा. एकाचं वाढतंय आणि दुसऱ्याचं थांबलंय असं लागोपाठ दोनदा दिसलं की तिसऱ्या आठवड्याची वाट न बघता दुसरी पेटी वापरायला काढा. नाकातून पाणी, सुजलेले डोळे, तोंड उघडून श्वास, यातलं काहीही दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला डॉक्टर लागतो. त्याचा नंबर आजच शोधून ठेवा.

सगळं जमलं की दोन्ही पेट्या आठवडाभर रिकाम्याच चालू ठेवा. सकाळ, दुपार, मध्यरात्र असं तापमान वहीत लिहा. रात्री फार उतरत असेल तर ते आत्ताच कळेल. मग पिल्लं आणा. आल्या आल्या कोमट पाण्यात बसवा, पेटीत सोडा आणि दोन दिवस हात लावू नका.