सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरून डॉल्फिन आणि देवमासे कसे पाहावेत

सिंधुदुर्गात डॉल्फिन पाहायचे म्हटले की बहुतेक पर्यटक आधी होडी ठरवतात. माझा आग्रह असा, की पहिले दोन दिवस होडीचा विचारही करू नये आणि पहाटे उठून किनाऱ्यावरची एखादी उंच जागा गाठावी. या भागात सर्वांत जास्त दिसणारा डॉल्फिन म्हणजे हिंद महासागरातला हम्पबॅक डॉल्फिन. तो उथळ पाण्यातच राहतो आणि मासळीच्या मागे खाड्यांच्या मुखांशी व खडकाळ टोकांशी येतो, त्यामुळे त्याच्यासाठी खोल समुद्रात जाण्याची गरज सहसा पडत नाही.

निवतीचा किल्ला, विजयदुर्गचा तट आणि देवगडच्या दीपगृहाजवळचा कडा या तीन जागा मला विशेष भावतात. वाळूवर उभे राहिले तर क्षितिज जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरवर असते, तर तीस मीटर उंचीवरून ते सुमारे वीस किलोमीटर दूर जाते. शिवाय वरून पाहताना पाण्याखालून सरकणारी सावलीही कधी कधी कळते. देवबागेत कर्ली नदी समुद्राला मिळते तेथे उंची नाही, पण भरती-ओहोटीबरोबर मासे आत-बाहेर करत असल्याने सपाट वाळूवर बसूनही निराशा क्वचितच होते.

पावसाळा संपून समुद्र निवळला की हंगाम सुरू होतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतल्या सकाळी सर्वांत चांगल्या असतात. सूर्योदयापासून साधारण दहापर्यंत जमिनीकडून मतलई वारा वाहतो, त्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणी तेल ओतल्यासारखे शांत असते. त्यातच किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सूर्य आपल्या पाठीशी राहतो आणि पाणी चकाकत नाही. दुपारी खारे वारे सुरू झाले की लाटांना पांढरे तुरे फुटतात व त्यांत डॉल्फिनच्या पाठीवरचा पर हरवून जातो. चार वाजता येऊन ‘काहीच दिसले नाही’ म्हणणाऱ्यांची चूक जागेची नसून वेळेची असते.

दुर्बीण ७×५० किंवा ८×४२ असावी. त्याहून जास्त ताकदीची दुर्बीण हातात थरथरते. मात्र आरंभी ती गळ्यातच राहू द्यावी. नुसत्या डोळ्यांनी समुद्र डावीकडून उजवीकडे सावकाश वाचत जावा आणि जेथे कुररी पक्षी एकाच जागी सूर मारताना दिसतील तेथे नजर थांबवावी. लाटेचा उंचवटा उठतो आणि विरतो; डॉल्फिन मात्र पुन्हा वर येतो, बहुधा थोडा पुढे. म्हणून एकदा काही काळे दिसल्यास त्या जागेच्या आसपास पाच मिनिटे तरी नजर खिळवून ठेवावी.

निवतीला एका जानेवारीत मला डॉल्फिन दिसण्याआधी ऐकू आला होता. खाली खडकाजवळ ‘फुस्स’ असा श्वास सुटला, मग लांब चोच, कपाळ आणि बैलाच्या वशिंडासारखा लांबट उंचवटा पाण्यावर आला, आणि त्या वशिंडाच्या माथ्यावर छोटासा पर होता. वशिंडावरचा हा पर हीच या जातीची खूण आहे. त्या मादीच्या कुशीला लागून फिकट राखाडी रंगाचे पिल्लू होते आणि आईपाठोपाठ तेही श्वास घेत होते. याउलट पाठीवर परच नसलेली, चोच नसलेली, गुळगुळीत छोटी पाठ क्षणभर दिसून नाहीशी झाली, तर ती फिनलेस पॉरपॉइज या डॉल्फिनच्या छोट्या नातेवाइकाची समजावी. हा प्राणी फार लाजरा आहे.

देवमाशांबाबत अपेक्षा माफक ठेवावी, कारण ते बहुधा दूरच्या पाण्यात असतात. तरीही ते येथे आहेत: 2015 साली कुणकेश्वरजवळच्या समुद्रात निळ्या देवमाशाची नोंद झाली. क्षितिजाजवळ वाफेचा उंच, सरळ खांब उठून विरला, तर तेथेच पाहत राहावे. निळ्या देवमाशाचा फवारा नऊ मीटरपर्यंत जातो आणि त्याच्या पाठीवरचा पर अगदी लहान व शेपटीकडे असतो. ब्राइड्स देवमाशाचा पर विळ्यासारखा वाकडा असतो आणि डोक्यावर तीन समांतर कंगोरे असतात.

यानंतर होडीने जायचे असेल तर निघण्यापूर्वीच तांडेलाशी, म्हणजे होडी चालवणाऱ्याशी, बोलून घ्यावे. कळपाच्या समोरून आडवे जाऊ नये, बाजूने समांतर आणि संथ चालावे, शंभर मीटरच्या आत शिरू नये आणि पिल्लू दिसताच मागे सरावे. चार होड्यांनी एका मादीला व पिल्लाला घेरलेले मी पाहिले आहे. ती दोघे बुडी मारून गेली, ती त्या सकाळी परत आलीच नाहीत. डॉल्फिन आपण होऊन जवळ आले तर इंजिन बंद करावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत या सर्वांना संरक्षण आहे.

किनाऱ्यावर जिवंत डॉल्फिन लागलेला आढळल्यास त्याला शेपटीने ओढू नये. पोटावर सरळ ठेवून अंगावर ओली फडकी घालावीत, डोक्यावरचे श्वासछिद्र मोकळे ठेवून त्यात पाणी जाऊ देऊ नये, गर्दी लांब ठेवावी आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवावे.