ओव्हरलँडिंगच्या गाडीसाठी मोठे ऑल-टेरेन टायर निवडताना

ऑल-टेरेन, म्हणजे डांबर, खडी, दगड अशा सर्व प्रकारच्या जमिनीवर चालणाऱ्या टायरची चौकशी सुरू करण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्यावी. इंधनाची आणि पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली, छतावर तंबू, मागे फ्रिज, हत्यारांची पेटी, स्वयंपाकाचे सामान आणि प्रवासाला निघणारी सर्व माणसे जागेवर बसलेली, अशा अवस्थेत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे वजन वेगवेगळे घ्यावे. बहुतेकांना आपल्या गाडीचे कागदावरचे वजन माहीत असते, भरलेल्या गाडीचे नसते, आणि टायरची निवड चुकते ती बहुधा येथेच. ओव्हरलँडिंगमध्ये, म्हणजे मुक्कामाचे सामान गाडीतच घेऊन केलेल्या लांबच्या प्रवासात, गाडी काही तासांपुरती चिखलात जाऊन परत येत नाही; ती दिवसेंदिवस पूर्ण भाराने, तापलेल्या डांबरावरून, खडीवरून आणि दगडांवरून चालत राहते. त्यामुळे टायर किती मोठा दिसतो यापेक्षा तो किती भार किती काळ पेलू शकतो, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

या प्रश्नाचे उत्तर टायरच्या भिंतीवरच, म्हणजे रिम आणि नक्षी यांमधल्या बाजूवर, लिहिलेले असते. आकाराच्या पुढे येणारा दोन किंवा तीन अंकी आकडा हा भार निर्देशांक असतो: ११२ म्हणजे ११२० किलो, ११६ म्हणजे १२५० किलो, १२१ म्हणजे १४५० किलो. त्यामागचे अक्षर कमाल वेग सांगते. क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, आर म्हणजे १७०, एस म्हणजे १८०. समजा मागच्या ॲक्सलवर १७०० किलो भार आहे. सपाट जमिनीवर प्रत्येक चाकाच्या वाट्याला ८५० किलो येतात, पण आडव्या उतारावर किंवा एक चाक खड्ड्यात गेल्यावर हे समान वाटप राहत नाही. म्हणून भागाकारातून आलेल्या आकड्यावर निदान पाव हिस्सा जास्त क्षमता असावी, असे मी धरतो. शिवाय हे निर्देशांक त्या टायरच्या पूर्ण दाबाला लागू असतात, हे विसरता कामा नये.

येथेच एलटी या दोन अक्षरांचा मुद्दा येतो. आकाराच्या सुरुवातीला एलटी असेल, तर तो हलक्या मालवाहू वाहनांसाठी बांधलेला, जास्त जाड आणि जास्त दाब घेणारा टायर असतो. या श्रेणीत सी, डी आणि ई हे मजबुतीचे चढते क्रम असून त्यांचे प्लाय रेटिंग (थरांच्या हिशेबात सांगितलेली मजबुती) अनुक्रमे ६, ८ आणि १० असते, तर सर्वसाधारण कमाल दाब अनुक्रमे ५०, ६५ आणि ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) असतो. मात्र त्याच आकाराचा एलटी टायर प्रवासी श्रेणीतल्या टायरइतक्याच दाबावर तेवढाच भार उचलत नाही. त्यासाठी त्याला जास्त हवा लागते. एलटी टायर बसवून दाराच्या चौकटीवर लिहिलेला मूळ दाबच भरत राहणारा चालक नकळत कमी हवेवर गाडी चालवत असतो, आणि कमी हवा, जास्त भार व वेग एकत्र आले की टायर आतून तापून फाटतो. उत्पादकाचा भार आणि दाबाचा तक्ता मागून घ्यावा व आपल्या ॲक्सलच्या वजनापुढचा दाब त्यात शोधावा. गाडी हलकी असेल आणि प्रवास मुख्यतः खडीच्या रस्त्यांचा असेल, तर ई श्रेणी अनावश्यक आहे. तिचा कडकपणा रोज हाडांना जाणवतो आणि वजनही दर चाकामागे काही किलोंनी वाढते. सी श्रेणी अशा गाडीला बरोबर बसते.

आता आकार. २६५/७० आर १७ या आकड्यात २६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि १७ हा रिमचा इंचांमधला व्यास. भिंत १८५.५ मिलिमीटर, दोन भिंती ३७१, रिम ४३१.८, म्हणजे एकूण व्यास सुमारे ८०३ मिलिमीटर किंवा ३१.६ इंच. याऐवजी २८५/७० आर १७ घेतला, तर व्यास सुमारे ८३१ मिलिमीटर, म्हणजे ३२.७ इंच होतो. फरक २८ मिलिमीटरचा दिसतो, पण गाडीचा तळ त्याच्या निम्म्यानेच वर येतो: १४ मिलिमीटर, साधारण एका बोटाच्या जाडीएवढा. मोठ्या टायरसाठी पुढे जी किंमत मोजावी लागते, ती या एका बोटासाठी आहे, हे निर्णय घेताना डोळ्यांसमोर असावे.

माझ्या मते, मोठ्या टायरचा खरा फायदा तळाच्या उंचीपेक्षा भिंतीच्या उंचीत आहे. हवा कमी केल्यावर दगडावर दबून त्याला कवेत घेते ती भिंतच, आणि रिम दगडावर आपटू न देणारी उशीही तीच. अनेक गाड्यांत ही उंची व्यास न वाढवताही मिळते. २६५/६० आर १८ या टायरचा व्यास सुमारे ७७५ मिलिमीटर आणि भिंत १५९ मिलिमीटर असते. रिम एक इंचाने लहान करून २६५/६५ आर १७ बसवला, तर व्यास ७७६ मिलिमीटर राहतो, पण भिंत १७२ मिलिमीटर होते. स्पीडोमीटर, गिअर, चाकाची कमान यांपैकी कशालाही धक्का न लावता १३ मिलिमीटर भिंत पदरात पडते. लहान रिममध्ये ब्रेकचे कॅलिपर (डिस्कला चिमटणारा भाग) मावते आहे ना, तेवढे मात्र प्रत्यक्ष बसवून पाहावे.

व्यास वाढवायचाच असेल, तर २६५/७० वरून २८५/७० वर जाण्याच्या उदाहरणातली वाढ साडेतीन टक्क्यांची आहे. स्पीडोमीटर ताशी १०० दाखवेल तेव्हा गाडी सुमारे १०३.५ वेगाने धावत असेल, आणि प्रत्यक्ष १००० किलोमीटर झाले तरी नोंद ९६६ च्या आसपास होईल. इंधनाचा हिशेब आणि देखभालीच्या मुदती त्यानुसार दुरुस्त कराव्या लागतात. ३.७३ गुणोत्तराचा डिफरन्शियल (ॲक्सलवरच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) ३.६० असल्यासारखा वागू लागतो, त्यामुळे चढावर गाडी खालचा गिअर मागते आणि तीव्र उतारावर इंजिनचा अटकाव थोडा सैल पडतो. ब्रेकला जास्त वजनाचे आणि जास्त त्रिज्येचे चाक थांबवावे लागते. साडेतीन टक्क्यांपर्यंत हे सर्व निभावून नेता येते; व्यास मूळ आकाराच्या दहा टक्क्यांपर्यंत वाढवणाऱ्याने गिअर बदलण्याचा आणि ब्रेक सुधारण्याचा खर्च टायरच्याच खर्चात धरावा. आकारबदलाबाबत आपल्याकडचे वाहन नियम आणि विम्याच्या अटी आधीच वाचून घ्याव्यात.

चाक कमानीत मावते की नाही, हे जागेवर उभ्या गाडीत कळत नाही. नवा टायर विकत घेण्याआधी त्याच आकाराचे एक चाक पुढे बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवावे आणि हाच प्रयोग मागे गाडी घेतानाही करावा, कारण टायर बंपरच्या मागच्या कडेला किंवा मडफ्लॅपला घासतो तो अनेकदा रिव्हर्समध्येच. त्यानंतर एक चाक रॅम्पवर किंवा मोठ्या दगडावर चढवून सस्पेन्शन पूर्ण दाबले जाईल असे पाहावे. मी कमानीच्या आतल्या बाजूला, संशयाच्या जागी, मुलांच्या खेळण्यातली मऊ माती सुपारीएवढी चिकटवतो आणि गाडी हळू फिरवतो. मातीवर टायरच्या ठोकळ्यांचा ठसा उमटला की अडचण नेमकी कुठे आणि किती आहे ते कळते. माती दबून तीन-चार मिलिमीटर उरली असेल, तर भरलेल्या गाडीत तिथे टायर घासणार, हे नक्की. रिमचा ऑफसेट (हबला टेकणारी जागा रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते अंतर) बदलून चाक बाहेर काढणे हा सोपा उपाय वाटतो, पण त्याने बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि चाक वळताना मोठा कंस घेते, त्यामुळे घासण्याची जागा फक्त बदलते. टायर त्या रिमच्या रुंदीसाठी मंजूर आहे का, हेही उत्पादकाच्या तक्त्यात पाहावे.

रुंद की अरुंद, यावर अनुभवी लोकांतही एकमत नाही. टायर जमिनीला किती क्षेत्रफळाने टेकतो, हे मुख्यतः भार आणि हवेचा दाब ठरवतात. रुंदीमुळे त्या टेकीचा आकार बदलतो. हवा कमी केल्यावर ही टेक रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढते. म्हणून २५५/८५ आर १६ सारखा उंच आणि अरुंद टायर, ज्याचा व्यास ३३ इंच भरतो, भारी गाडीला फार उपयोगी पडतो: कमानीत सहज मावतो, स्टिअरिंग जड करत नाही आणि पाणी साचलेल्या रस्त्यावर पाणी चांगले कापतो. ज्यांचा प्रवास प्रामुख्याने मऊ वाळूचा किंवा खोल बर्फाचा आहे, त्यांनी रुंद टायर जरूर घ्यावा. इतरांसाठी मी अरुंद टायरच सुचवेन.

नक्षी पाहताना बोट खाचेच्या तळापर्यंत घालून पाहावे. तळाशी लहान उंचवटे असतील, तर ते अडकलेले खडे बाहेर ढकलण्यासाठी असतात. ते नसलेल्या टायरमध्ये टोकदार खडा रुतून हळूहळू आतल्या पट्ट्यापर्यंत पोहोचू शकतो. ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा ओल्या रस्त्यावरची आणि बर्फावरची पकड देतात. त्या अर्ध्याच खोलीपर्यंत असतील, तर टायर अर्धा झिजल्यावर ती पकड संपते. ठोकळे खांद्यावरून खाली भिंतीवर उतरलेले असावेत, कारण चाकोरीतून बाहेर पडताना आणि दगडाला घासताना तेच कामाला येतात. थंड प्रदेशात जायचे असेल, तर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह शोधावे; ते बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळते, तर एम आणि एस ही अक्षरे केवळ नक्षीच्या स्वरूपावरून लिहिता येतात. मड-टेरेन, म्हणजे खास चिखलासाठीचा, टायर चिखलात नि:संशय सरस आहे, परंतु हजारो किलोमीटरच्या प्रवासात त्याचा आवाज, लवकर होणारी झीज आणि ओल्या डांबरावरची कमी पकड रोज सोसावी लागते.

भिंतीला दोन प्लाय आहेत की तीन, हे टायरवरच छापलेले असते. खडकाळ वाट असेल, तर तीन घ्यावेत. एका कोरड्या ओढ्यातून जाताना माझ्या मागच्या डाव्या टायरची दोन प्लायची भिंत धारदार दगडाने बोटभर चिरली. त्या चिरेत मी एकापाठोपाठ तीन प्लग घातले, पण भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकत असल्याने काही मिनिटांत ते निसटले. नक्षीच्या भागातले पंक्चर वाटेत दुरुस्त होते, भिंतीचे होत नाही. स्टेपनी जुन्या, लहान आकाराची होती. व्यासात फरक असलेली चाके लावून फोर-व्हील ड्राइव्ह वापरली असती, तर ट्रान्सफर केसवर (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण आला असता, आणि मागे लावली असती, तर डिफरन्शियल सतत फिरत राहिला असता. म्हणून पुढचे चाक मागे घेतले, लहान स्टेपनी पुढे लावली आणि टू-व्हील ड्राइव्हमध्ये हळूहळू मुख्य रस्ता गाठला. माझी गाडी पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाके ओढणाऱ्या, फोर-व्हील ड्राइव्हची असल्यामुळे हे जमले. कायम चारही चाके ओढणाऱ्या गाडीत एवढीही सवलत मिळत नाही.

तेव्हा टायर चार नव्हे, पाच घ्यावेत, आणि पाचही एकाच आकाराचे व एकाच नक्षीचे. मोठी स्टेपनी गाडीखालच्या जागेत बसते का, मागच्या दारावर असेल तर बिजागरी ते वजन पेलते का, जॅक पुरेसा उंच जातो का आणि ते चाक आपल्याला एकट्याने उचलता येते का, हे घरीच करून पाहावे. खरेदीच्या वेळी भिंतीवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातले उत्पादन. पाचही टायरच्या तारखा जवळपास असाव्यात. जाण्याच्या मार्गावर तो आकार मिळतो का, याचीही चौकशी करावी. दुर्मीळ आकाराचा उत्तम टायर फाटल्यावर आठवडाभर अडकून पडण्यापेक्षा गाडीच्या मूळ आकाराजवळचा, सर्वत्र मिळणारा टायर मला अधिक मोलाचा वाटतो.

टायर बसवल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घ्यावी, ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने (ठरावीक ताकदीने आवळणाऱ्या पान्याने) तपासावेत आणि दर ८ ते १० हजार किलोमीटरला स्टेपनीसह पाचही चाकांची अदलाबदल करावी. डांबरी रस्त्याचा दाब तक्त्यावरून काढला, तरी तो खडूने पडताळता येतो. टायरवर आडवी, एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत जाड रेघ ओढावी आणि भरलेली गाडी सपाट डांबरावर सरळ काहीशे मीटर चालवावी. रेघ मधोमध पुसली गेली आणि कडांना राहिली, तर हवा जास्त आहे. कडा पुसल्या आणि मध्य राहिला, तर कमी. तक्त्यातल्या किमान दाबाच्या खाली मात्र खडूचे ऐकून जाऊ नये.

कच्च्या रस्त्यासाठी हवा कमी करण्याचे आकडे गाडीच्या वजनावर अवलंबून असतात. मध्यम वजनाच्या गाडीत खडीसाठी २५ ते २८, खडकाळ वाटेसाठी २० च्या आसपास आणि मऊ वाळूसाठी १५ पीएसआयपासून सुरुवात करावी. बारापेक्षा खाली गेल्यास वळणावर टायर रिमवरून सुटण्याचा धोका वाढतो. दाब जितका कमी, तितका वेगही कमी ठेवावा, आणि डांबर लागताच थांबून कॉम्प्रेसरने हवा पूर्ववत भरावी. प्रत्येक प्रकारच्या जमिनीवर आपल्या गाडीला कोणता दाब मानवला, तो पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी वेगळा लिहून तो कागद दाराच्या आतल्या बाजूला, मूळ दाबाच्या पट्टीशेजारी चिकटवून ठेवावा.