पगार महिन्याचा, घर हंगामाचं: कास्तकाराच्या घरातल्या पहिल्या पगारदारासाठी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात घरात पैसा येण्याचे महिने ठरलेले आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघतं, मग कापसाची वेचणी, मग तूर. पैसा जाण्याचे महिनेही ठरलेलेच. जूनमध्ये बियाणं आणि खत, त्यापुढे निंदण, डवरण, फवारणी, आणि मार्चअखेर सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज. अशा घरातल्या पोराला किंवा पोरीला नोकरी लागते, तेव्हा त्या घरात पहिल्यांदाच महिन्याच्या महिन्याला पैसा यायला लागतो. मोबाईलवर गुंतवणुकीचे जे सल्ले दिसतात ते अशा घराला अर्धेच लागू पडतात. सल्ला देणाऱ्याच्या घरी जूनचा पेरा नसतो.

मी आर्णी तालुक्यातली. यवतमाळला बी.कॉम. केलं आणि आता बुटीबोरीच्या एमआयडीसीत एका कारखान्याची पगारपत्रकं करते. नव्यानं लागणाऱ्या पोरापोरींचे कागद माझ्याच टेबलावरून जातात. त्यातली बरीचशी दारव्हा, दिग्रस, पुसद, हिंगणघाट अशा आपल्याच भागातली असतात. त्यांना जे रोज तोंडी सांगते, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी नोकरी शोधण्याबद्दल. आपल्याकडे पदवी झाली की भरतीची तयारी सुरू होते. तयारी जरूर करा, पण जागा आणि अर्ज यांचं प्रमाण डोळ्यांसमोर असू द्या. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. माझं स्पष्ट मत आहे की अभ्यास काम करता करता व्हावा आणि त्याला वयाची एक मर्यादा घरच्यांसमोर बोलून ठरवावी. अभ्यासिकेची फी आणि शहरातल्या खोलीचं भाडं शेवटी कापसाच्या पैशातूनच जातं.

खासगी काम आपल्या भागात कुठे आहे? नागपूरच्या बाजूला बुटीबोरी, हिंगणा आणि मिहान, अमरावतीजवळ नांदगाव पेठ, वणी-राजुरा-चंद्रपूरकडे कोळसा आणि सिमेंट. आयटीआय झालेल्या फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डरला शिकाऊ उमेदवारीतून आत शिरायला सोपं जातं. कॉमर्सवाल्यांनी टॅली आणि एक्सेल हातात बसवून घ्यावं. एक्सेल येतं असं सगळेच सांगतात, पण समोर शीट उघडून दिली की फार थोड्यांना ती चालवता येते. २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे. त्यात बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार आणि पदवीला १० हजार रुपये विद्यावेतन ठरलं. तिथला अनुभव घ्यावा, मात्र मुदत संपल्यावर कायम करण्याची हमी त्यात नाही, हे धरूनच दुसरीकडचे अर्ज चालू ठेवावेत.

कामासाठी कोणालाही पैसे देऊ नका. नोंदणी फी, गणवेशाचे पैसे, ट्रेनिंगचं डिपॉझिट, नाव काहीही असो. नागपूरला ‘ऑफिस जॉब’ म्हणून बोलवायचं, खोलीत बसवून भाषण ऐकवायचं आणि हजारो रुपयांचा माल गळ्यात मारून नातेवाइकांना जोडायला लावायचं, हा धंदा खेड्यातल्या पोरांवरच चालतो. बोलावणारा बहुतेकदा ओळखीचाच असतो, म्हणून नाही म्हणणं जड जातं. तरी नाही म्हणा.

रुजू होण्याआधी आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि दहावीची मार्कशीट एका ओळीत मांडा आणि नावाचं एकेक अक्षर ताडून पाहा. एकीकडे वानखेडे, दुसरीकडे वानखडे. एकीकडे वडिलांचं नाव मधे, दुसरीकडे नाहीच. जन्मतारखेत वर्षाचा फरक. गावात याचं काही अडत नाही, पण पीएफच्या (भविष्य निर्वाह निधीच्या) खात्यात हेच अडतं आणि पुढे पैसे काढायच्या वेळी माणूस चकरा मारून थकतो. दुरुस्ती आधीच करून घ्या.

आता पगार. मुलाखतीत ‘महिन्याला वीस हजारांचं पॅकेज’ सांगितलं की घरी फोन जातो, वीस हजार पगार लागला. हातात वीस हजार येत नाहीत. एक नेहमीचं उदाहरण मांडते. समजा एकूण पगार १७ हजार, त्यातलं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३ हजार. कंपनी आपल्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,५६० रुपये भरते. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, त्यात तिचा वाटा सव्वातीन टक्के, म्हणजे साधारण ५५३ रुपये. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेची, तरतूद सव्वासहाशेच्या आसपास. ही बेरीज वीस हजारांच्या जवळ जाते आणि तेच तुमचं पॅकेज. मग १७ हजारांतून तुमच्या वाट्याचा पीएफ १,५६०, ईएसआयचे १२८ आणि व्यवसाय कराचे २०० कापले जातात. हातात पडतात १५ हजार ११२. मुलींना महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्यांचे २०० वाचतात. म्हणून घरी आकडा सांगताना हातात येणाराच सांगा. बाबांचे पुढचे सगळे बेत त्या आकड्यावर उभे राहतात.

ही कपात वाया जात नाही. ‘पीएफ कापू नका, तेवढं हातात द्या’ असं म्हणणारी मुलं दर महिन्याला भेटतात आणि त्यांना समजावण्यात माझा बराच वेळ जातो. पीएफवर २०२४-२५ साठी सव्वाआठ टक्के व्याज होतं, आणि तुमच्या रुपयाला जोडून कंपनीचा रुपया पडतो. त्यातला काही भाग पेन्शनच्या खात्यात जातो, आणि ती पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. म्हणून नोकरी बदलताना पैसे काढून खाते रिकामं करू नका, नव्या कंपनीकडे वळतं करा. ठेकेदाराकडून लागला असाल तर सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडून कापलेली रक्कम खरंच जमा झाली का, ते दर महिन्याला पाहा. सलग दोन महिने दिसली नाही तर लगेच विचारा. नामनिर्देशनही भरा. लग्नाआधी आई-वडिलांचं नाव टाकलेलं असेल तर लग्नानंतर ते आपोआप रद्द होतं, नव्यानं भरावं लागतं.

ईएसआय २१ हजारांपर्यंतच्या पगाराला लागतो. नोंदणीत अवलंबून असलेल्या आई-वडिलांची नावं घालता येतात, त्यांच्या उत्पन्नाची अट बसते का ते विचारून घ्या. नागपूरला सोमवारी पेठेत ईएसआयचं रुग्णालय आहे. खेड्यातलं घर दवाखान्याच्या एका बिलानं किती मागे जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि आता मार्च, ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला घेतलं. पगार सुरू झाल्यावरच्या पहिल्याच फेब्रुवारीत बहुतेकांना घरून असा फोन येतो: ‘पोरी, मार्चले नवं-जुनं कराचं हाय. काही जमते काय तुह्यानं?’ ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की ही सवलत गेली. म्हणून ३१ मार्चच्या आत कुठून तरी रक्कम उभी करायची, भरायची आणि एप्रिल-मेमध्ये नवं कर्ज उचलायचं, यालाच नवं-जुनं म्हणतात. ‘कुठून तरी’ म्हणजे बहुतेक घरांत गावातला माणूस, शेकडा पाचनं. महिन्याला शंभरामागे पाच, म्हणजे वर्षाला साठ टक्के. ८० हजार महिनाभर वापरले तर ४ हजार नुसते व्याजाचे. शून्य टक्क्याचं कर्ज टिकवण्यासाठी साठ टक्क्यांचं घ्यायचं, असा हा प्रकार आहे. परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तसे दर ठरले आहेत. पण गावात कायदा विचारायला कोणी जात नाही.

पगारदार लेकरू घराच्या सर्वात जास्त कामाला येतं ते इथेच. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बँकेत बारा महिन्यांची आरडी (दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकायची ठेव) उघडा, झेपेल तेवढ्याची. महिन्याला ३ हजार टाकले तर पुढच्या मार्चला ३६ हजार आणि वर व्याज हातात असतं. तुरीचे आणि उरल्या कापसाचे पैसे त्यात मिळवून कर्ज भरलं जातं. एप्रिल-मेमध्ये नवं कर्ज मिळालं की त्यातून तुमची रक्कम मोकळी होते आणि तीच जूनमध्ये बियाण्या-खताला रोखीनं लागते. रोखीनं घेतलं की कृषी केंद्राच्या उधारीवर चढणारं व्याजही टळतं. एकच रक्कम दोनदा राबते. शेअर बाजारात दर वर्षी हमखास एवढी कमाई कोणी करून देणार नाही, म्हणून माझ्या मते कास्तकाराच्या घरात एसआयपीच्या, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकण्याच्या, आधी ही आरडी यायला हवी.

‘माफी येईल, भरू नका’ असं म्हणणारे दर वर्षी भेटतात. २०१७ ला दीड लाखांपर्यंत आणि २०१९ ला २ लाखांपर्यंत माफी झाली, त्यामुळे वाट पाहणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. नापिकीच्या वर्षी भरायला काही नसतंच. पण तुमच्या धाकट्या भावाच्या शिक्षणकर्जाला बाबा सहअर्जदार असतील तर त्यांची थकबाकी आडवी येते, हेही त्या हिशेबात धरा.

विम्याचं काम थोडक्यात होतं. बँक खात्यावर वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा मिळतो. दुसऱ्याला वयाची अट पन्नासपर्यंत आहे, पहिल्याला सत्तरपर्यंत. आई, बाबा, स्वतः, सगळ्यांचे सुरू करा. साप चावून मृत्यू झाला तरी अपघात विम्यात तो धरला जातो, आपल्या वावरात हे महत्त्वाचं आहे. पैसे मेअखेर कापले जातात आणि नेमक्या तेव्हाच आपल्याकडे खाती कोरडी असतात, तेवढी शिल्लक ठेवा. बचत आणि विमा एकत्र असलेली मोठ्या हप्त्याची पॉलिसी मात्र पहिल्या वर्षी घेऊ नका. एजंट बहुधा मामा नाहीतर काका असतो. चहा द्या, विचारपूस करा, सही पुढच्या वर्षावर ढकला.

पतसंस्थेबद्दल एकच लक्षात ठेवा. बँक बुडाली तर ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतचं विमा संरक्षण असतं, सहकारी बँकेलाही ते लागू आहे. पतसंस्थेला ते नाही. व्याज दीड-दोन टक्के जास्त मिळतं म्हणून दिवाळीचे सगळे कापसाचे पैसे तिथे ठेवण्याआधी हा फरक बाबांना समजावून सांगा. बचत गट मात्र चालू ठेवा. आईचा गट नीट चालत असेल तर अडीअडचणीला तो बँकेपेक्षा लवकर धावून येतो.

एवढं मार्गी लागलं की एसआयपी. निफ्टी ५० चा (शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकामागे चालणारा) साधा इंडेक्स फंड, डायरेक्ट प्लॅन म्हणजे मधे एजंट नसलेला, पाचशेपासून सुरुवात. पाच-सात वर्षं लागणार नाहीत तेवढेच पैसे त्यात टाका. जानेवारी २०२० ला १२ हजारांच्या वर असलेला निफ्टी मार्चमध्ये साडेसात हजारांच्या घरात आला होता आणि नोव्हेंबरपर्यंत परत वर गेला. ज्याला त्या मार्चमध्येच कर्ज भरायला पैसे काढावे लागले असतील, त्याचं नुकसान पक्कं झालं. फ्युचर्स-ऑप्शन्सच्या, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांच्या, वाटेला जाऊच नका. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या १०० सामान्य लोकांपैकी ९३ जणांनी पैसे गमावले. टेलिग्रामवर टिप देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा, बहुतेक तिथेच गप्प होतात. मोबाईलवर झटपट कर्ज देणारी ॲपं आणि हप्त्यावरचा महागडा फोन, दोन्हींपासून पहिलं वर्ष तरी लांब राहा.

शेतात घातलेला पैसा हीसुद्धा गुंतवणूक आहे, असं मी मानते. विहिरीला पाणी असेल तर ठिबकला अल्प आणि अत्यल्पभूधारकांना खर्चाच्या ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान आहे. अर्ज सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा, पूर्वसंमती हातात आल्याशिवाय काहीही विकत घ्यायचं नाही. अडचण अशी की आधी सगळा खर्च स्वतः करावा लागतो आणि अनुदान मागून खात्यात येतं. म्हणून पैशाअभावी कित्येक घरं संमती मिळूनही थांबतात. तुमच्या साठवलेल्या रकमेचा इथे खरा उपयोग आहे. पैसे मात्र बँकेतूनच पाठवा, रोख देऊ नका, आणि कशासाठी दिले ते वहीत लिहून बाबांना दाखवत जा. भावंडं असतील तर त्यांच्यासमोर दाखवा. मुलींनी तर नक्कीच. वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, पण विहिरीत आणि पाईपात गेलेल्या तुमच्या पगाराची नोंद सातबाऱ्यावर कुठेच होत नाही.