विदर्भाच्या खेड्यात बारा महिने सायकल कशी चालवायची

गावातून तालुक्याला सायकलनं जायचं म्हटलं की लोक पहिले अंतर विचारतात. खरं सांगू का राजेहो, अंतराचा प्रश्नच नाही, साधी सायकल तासाला बारा-पंधरा किलोमीटर आरामात जाते, म्हणजे दहा किलोमीटरला पाऊण तास. प्रश्न असतो तो त्या महिन्यात रस्त्यावर काय पडलंय याचा. जुलैत गारा म्हणजे चिखल, ऑक्टोबरात कुटार (सोयाबीनचा भुसा) आणि सराटे (काटे), डिसेंबरात अंधार नि कापसाच्या गाड्या, मे महिन्यात ऊन. ते ओळखून निघायची वेळ बदलली, रस्ता बदलला तर सायकल वर्षभर चालते, एक दिवस घरी ठेवावी लागत नाही असं नाही, पण ते दिवस मोजकेच असतात. मी वर्धा जिल्ह्यातल्या काळ्या मातीच्या पट्ट्यात चालवतो, तिकडं भंडारा-गोंदियाच्या धानाच्या भागात थोडा फरक पडेल.

पहिले सायकल अंगाला बसवा

नवीन घ्यायची गरज नाही. घरात बाबांची काळी सायकल असेल, नाहीतर बहिणीला मानव विकास योजनेतून शाळेसाठी मिळालेली असेल, दोन्ही चालतात. गिअरवालीच घ्यायची तर मागं कॅरियर आणि मडगार्ड बसतात का एवढं दुकानातच पाहून घ्या, कारण डबा, बॅग, किराण्याची पिशवी पाठीवर घेऊन उन्हात जाणं म्हणजे पाठ भिजवून घेणं आहे.

सीटची उंची मात्र आजच तपासा. सीटवर बसायचं, पायडल एकदम खाली न्यायचं, त्यावर टाच ठेवायची, पाय सरळ झाला पाहिजे. शाळेत जाणाऱ्या पोरींच्या सायकली पाहा, सीट दुकानातून आली तशीच खाली, गुडघे वर येतात आणि मग पोरगी म्हणते लवकर दम लागते. पान्ह्यानं बोल्ट ढिला करा, वर करा, दांडीवर जी शेवटची खूण असते तिच्या वर मात्र काढू नका. आणि मागच्या चाकाला जाळी लावून घ्या, ओढणी आऱ्यात अडकली तर पोरगी जागेवर पडते. शाळेत घालणाऱ्या प्रत्येक बापानं हे दोन काम केलेच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

उन्हाळ्यात घड्याळ बदला

मार्च संपला की वेळ पुढं-मागं करा. मे महिन्यात आपल्याकडं साडेपाचलाच उजाडतं, तेव्हाच निघायचं आणि नऊच्या आत पोचायचं, परत येणं सहानंतर. मधल्या वेळात सायकल नको, नवतपा लागला (२५ मेच्या आसपास) की तर अजिबातच नको. मे २०१३ मध्ये नागपूरला पारा ४७.९ डिग्रीवर गेला होता आणि ते माप सावलीतलं असतं, डांबरावर त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त लागतं. ड्युटी दुपारी सुटत असेल तर त्या दोन महिन्यांत सकाळी सायकल एसटीच्या फाट्यावर ओळखीच्या पानठेल्यापाशी लावा, पुढं बसनं जा, यात कमीपणा काही नाही.

दुपट्टा डोक्याला, कानाला, तोंडाला नीट बांधा, तो ओला करून बांधला तर आणखी बरं. सुती, पूर्ण बाह्यांचा शर्ट. बाटलीला ओलं सुती फडकं गुंडाळा, चालत्या वाऱ्यात पाणी उडत राहते आणि आतलं पाणी गार राहते. नुसतं पाणी पुरत नाही कारण घामातून मीठही जाते, म्हणून निघताना मीठ घातलेलं ताक प्या, नाहीतर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचं जीवनजल सोबत घ्या, ते त्याच दिवशी संपवायचं. कांदा खिशात ठेवण्यापेक्षा भाकरीसोबत पोटात जाऊ द्या.

डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, चक्कर आली तर लगेच कडुनिंबाखाली उतरा, दहा मिनिटांनी बरं वाटेल म्हणून पायडल मारत राहू नका. आणि सोबतच्या माणसाचं अंग चटका बसेल इतकं तापलं, तो भलतंच बोलायला लागला तर घाम येत असो वा नसो, ऊन लागलं समजा, १०८ ला फोन लावा, तोवर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

सायकलचं म्हणाल तर सकाळी गारव्यात टायर दगडासारखे टणक करू नका. २८ डिग्रीला भरलेल्या हवेचं टायर दुपारी ५८ पर्यंत तापलं तर आतला दाब साधारण दहा टक्के वाढते, नवीन ट्यूब तो सहज सोसते पण जुना पॅच तिथंच सुटते. टिनाच्या भिंतीला उन्हात टेकवू नका, सावली पाहून लावा. आणि एप्रिल-मे मध्ये पांदणीनं (वावराच्या कच्च्या वाटेनं) जाताना भेगा पाहत जा. काळी माती वाळून इतकी फाकते की पुढचं चाक भेगेत उभं बसते आणि माणूस हँडलवरून पलीकडं जाते. भेग आडवी असेल तर उतरून ओलांडा.

पावसाळा: गारा, रपटा, वीज

सगळ्यात जास्त सायकली घरात पडून राहतात त्या याच दिवसांत, आणि कारण पाऊस नसून गारा आहे. काळ्या मातीचं कसं होते ते पाहा, पहिले टायरवर पातळ थर येते, मग तो मडगार्डच्या आत दाबल्या जाते, मग ब्रेकच्या गुट्ट्यांपाशी गोळा होते, आणि थोड्याच पावलांत चाक फिरणं बंद होऊन सायकल नुसती घसरत येते. तिथं जोर लावायचा नाही, जोर लावला की मडगार्डची तार वाकते. थांबा, धुऱ्यावरची एक मजबूत तुराटी तोडून घ्या, मडगार्डच्या खालच्या तोंडातून आत घाला आणि चाक हळूहळू उलटं फिरवत माती खाली पाडा, आधी ब्रेकपाशी, मग चिमट्यापाशी, शेवटी मडगार्ड. त्यानंतर गाडीवाटेत न उतरता कडेच्या गवतावरून सायकल हातानं चालवत न्या, गवतावर माती धरत नाही.

धो-धो पाऊस सुरू असताना माती पातळ असते, ती वाहून जाते. खरा त्रास पाऊस थांबून अर्धवट वाळलेल्या मातीचा, तेव्हाच ती धरते. म्हणून पाऊस उघडला म्हणून लगेच पांदणीनं निघू नका, एक-दोन दिवस चांगली उघाड पडू द्या, तोवर मुरमाच्या नाहीतर डांबरी रस्त्यानं जा, मग दोन-तीन किलोमीटरचा फेरा पडला तरी चालेल. ज्यांचं वावरच पांदणीवर आहे त्यांनी जून ते सप्टेंबर मडगार्ड काढून ठेवावे, कपडे खराब होतात पण चाक फिरते. घरी आलं की ओली असतानाच धुवा, रात्रभर राहिली की माती विटेसारखी होते आणि खरवडताना रंग निघते. धुताना फवारणी पंपाची किंवा सर्व्हिसिंगवाल्याची जोराची धार हबवर आणि पायडलच्या मधल्या छर्ऱ्यांवर मारू नका, आतलं ग्रीस निघून जाते आणि महिन्याभरात कटकट आवाज सुरू होते. बादली, फडकं, जुना टूथब्रश पुरे. मग चेन पुसून, वाळवून शिलाई मशीनचं तेल एकेका कडीवर थेंब-थेंब सोडा, पायडल उलटं फिरवा आणि वरचं जास्तीचं पुसून टाका. ट्रॅक्टरचं जळालं ऑईल गावात फुकट मिळते पण त्यात बारीक कचरा असते आणि ते धूळ ओढते, चेन लवकर खाते.

ओल्या रिमवर ब्रेक लगेच लागत नाही, लोखंडी रिमवर तर फारच उशिरा लागते. म्हणून वळण किंवा फाटा यायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके दाबून धरा, रिम पुसल्या जाते, मग खरा दाब द्या. एका हातात छत्री धरून चालवू नका, रेनकोट घ्या. पायात बूट नको, प्लास्टिकचे सँडल, बूट पॉलिथिनमध्ये.

रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर सायकल घेऊन उतरायचं नाही. गुडघाभर तर सोडाच, १५ सेंटीमीटर जोराचं पाणीही पाय उचलू शकते, शिवाय सायकल हातात असली की चाकाला पाण्याचा रेटा वेगळा लागते, आणि खाली रपट्याचा तुकडा वाहून गेला का ते गढूळ पाण्यात दिसत नाही. आपले नाले जसे झटक्यात भरतात तसे उतरतातही, तास-दोन तास थांबा किंवा मागं फिरा. समृद्धी महामार्ग झाल्यापासून जिथं गावरस्ते त्याच्या खालच्या बोगद्यातून जातात, तिथंही पाणी साचलं असेल तर हेच. (आणि समृद्धीवर सायकल चढवायची नाही, तिथं दुचाकीलाच मनाई आहे.)

विजेचं गंभीरपणे घ्या, आपल्याकडं दरवर्षी वावरात माणसं जातात. वीज दिसल्यापासून सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर धरायचं. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला म्हणजे ती दहा किलोमीटरच्या आत आहे, पक्क्या घरात नाहीतर शाळेत शिरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास निघू नका. एकट्या झाडाखाली थांबणं सगळ्यात वाईट. घर नसेलच तर सायकल आडवी टाकून तिच्यापासून दूर, सखल जागी दोन्ही पाय जवळ घेऊन उकिडवं बसा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलमध्ये टाकून ठेवा, जवळपास वीज पडत असेल तर ते सांगते.

सोयाबीन निघालं की काटे

दसरा-दिवाळीच्या दिवसांत रस्ता सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात काटेरी. डांबरी रोडवर सोयाबीन वाळत घातलेलं असते, कुठं तिथंच मळणीही चालते, दाणे चाकाखाली छर्ऱ्यासारखे सरकतात आणि कुटाराखालचा खड्डा दिसत नाही. त्यावर ब्रेक मारू नका, हँडल वळवू नका, वेग आधीच कमी करून सरळ निघा. कडेचे सराटे याच वेळी वाळतात, आणि रब्बीसाठी कुंपण घालायला बोराटी नि बाभळीच्या फांद्या बैलबंडीवरून ओढत नेतात त्याचे काटे पडतात, म्हणून कडेच्या गवतात चाक घालायचं नाही.

पंक्चर काढणं स्वतः शिकाच, फाट्यावरचं दुकान नेमकं त्या दिवशी बंद असते. चाक काढायचीही गरज नाही, सायकल उलटी करा, हवा सोडा, टायरची एक बाजू लिव्हरनं रिमच्या बाहेर काढा, ट्यूब ओढून हवा भरा, पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तिथं खूण करा. ती जागा पुसून कोरडी करा, सँडपेपरनं खरखरीत करा, सोल्युशनचा पातळ हात फिरवा आणि आता घाई करू नका, चार-पाच मिनिटं वाळू द्या, चमक गेली की पॅच दाबा. ट्यूब आत टाकण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. काटा अजून तिथंच रुतलेला असते, बाहेरून मोडलेला आणि आतून टोकदार, तो फडक्याला अडकते, पक्कडीनं ओढून काढा. हे केलं नाही तर फाट्यापर्यंत पोचायच्या आत दुसरं पंक्चर. ट्यूबचे भोकं फार झाले असतील तर नवीन टाका, आणि टायरच्या आत जुन्या ट्यूबची उभी कापलेली पट्टी अंथरा, जरा जड होते पण सराटे थोपवते.

थंडीत लाईट

थंडीचं एवढं काही नाही, हातमोजे, कानाला मफलर, आणि पहाटे शर्टच्या आत छातीवर पेपरची घडी, वारा अडते, पोचलं की काढून टाकायची. काळजी घ्यायची ती अंधाराची. डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळते आणि त्याच वेळी कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जिनिंगकडं निघालेल्या असतात, कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचा लाईट कधी असते कधी नसते. पुढं पांढरा लाईट, मागं लाल लुकलुकणारा, शिवाय दोन्ही पायडलला आणि मागच्या मडगार्डला चमकणारी पट्टी चिकटवा, पायडलची वरखाली होते म्हणून ती सगळ्यात आधी दिसते. ट्रॉली अंगावरून जात असेल तर उतरून बाजूला व्हा. धुकं असेल त्या दिवशी सूर्य वर येऊ द्या.

रात्री वावरातून रानडुकरं नि रोही (नीलगायी) एकदम रस्त्यावर येतात, एक गेला म्हणजे मागं आणखी असतात, थांबून सगळे जाऊ द्या. ताडोबा, ब्रह्मपुरी, टिपेश्वर या वाघांच्या बाजूला पहाटे आणि दिवेलागणीला एकट्यानं सायकल चालवू नका, चार जण मिळून, बोलत जा.

नुसतं फिरायला

रविवारी फिरायचं असेल तर पळस फुलतो ते दिवस, फेब्रुवारी-मार्च, सकाळची वेळ. वर्ध्याहून पवनारला धाम नदीवर, नाहीतर सेलूकडून बोर धरणाच्या बाजूला, गर्दी कमी आणि रस्ता बरा. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे थकल्यावर परतीला वारा पाठीशी राहते. धरणाच्या वाटेवर थांबलात तर सायकल वावराच्या तारेला टेकवू नका. डुकरांसाठी झटका मशीन लावलेली असते, आणि कुठं कुठं लोक थेट लाईनचा करंट सोडतात, त्यानं जीव जाते, ओल्या दिवसांत तर जास्तच धोका. स्टँडवर उभी करा, नाहीतर गवतात आडवी टाका.